लग्न जुळवण्याच्या नावाखाली ऑनलाइन फसवणूक : मावसभावाचे प्रकरण आणि काही प्रश्न

सेवाकेंद्र, यवतमाळ जिल्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी गेली सात वर्षे सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, निराधारांच्या पगाराचे अंगठे, पैसे काढणे आणि पाठवणे, हे सगळे या एका खोलीत चालते. आज जे लिहीत आहे ते माझ्या मावसभावाविषयी आहे आणि त्याची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

त्याचे वय ३६. पाच एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. सहा वर्षांपासून त्याच्यासाठी मुली पाहणे सुरू आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न नोकरीचा, दुसरा शहरातल्या घराचा; तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुधा गोष्ट जातच नाही. आपल्या भागातल्या घराघरांत ही परिस्थिती आहे, त्यामुळे ती वेगळी सांगण्याची गरज नाही. गेल्या वर्षी त्याने आपला बायोडेटा समाजाच्या दोन-तीन व्हॉट्सॲप गटांवर टाकला. आठ दिवसांत एका मुलीचा संदेश आला. ती पुण्याच्या एका रुग्णालयात परिचारिका असल्याचे, मूळची अमरावती जिल्ह्यातली असल्याचे आणि वडील नसल्याचे तिने सांगितले. शेतकरी मुलगा चालेल, असेही तिने आपणहून लिहिले.

दोन महिने तिने एक रुपया मागितला नाही. सकाळी ‘चहा झाला का’, दुपारी ‘जेवलात का’, संध्याकाळी ‘कपाशीवर गुलाबी अळी दिसते का’. आमच्या गावात नेटवर्क नीट मिळत नाही, म्हणून तो रोज रात्री जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या लिंबाखाली जाऊन बोलत असे. त्यानंतर तिने २ हजार रुपये उसने मागितले आणि पाचव्या दिवशी अडीच हजार परत पाठवले. माझ्या मते तो फसला तो त्याच दिवशी, कारण त्यानंतर तिच्यावर शंका घेणे हेच त्याला पाप वाटू लागले. मग आईचे ऑपरेशन, मग भावाची फी, मग मंगळसूत्राची आगाऊ रक्कम. नऊ वेळा मिळून १ लाख ६४ हजार रुपये गेले. रोखीने पाठवण्याला महिन्याची मर्यादा असते, म्हणून काही रक्कम त्याने तालुक्याच्या बँकेतून पाठवली. पण चार वेळा ती माझ्या केंद्रातून, माझ्या हाताने गेली.

कापूस विकल्याच्या पावतीच्या पाठीमागे तो खाते क्रमांक लिहून आणायचा. दर वेळी खाते वेगळे, नाव वेगळे, बहुतेक नावे पुरुषांची, आणि शाखा कधी बिहारची तर कधी कर्नाटकची. मी एकदा विचारले. तो म्हणाला, “ताई, तिच्या मामाचं खातं हाय. तू पाठव ना. अन् घरी कोणाले सांगू नको, पक्कं झालं का मीच सांगतो.” मी पाठवले. मोठी बहीण म्हणून आणि रोज हेच काम करणारी म्हणून, त्या वेळी मी हात थांबवायला हवा होता. ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

अकरा दिवसांपूर्वी तिने लग्नाची तारीख ठरवायला येण्यासाठी ३० हजार मागितले. ते मिळाल्यावर ती गाडीत बसल्याचे कळवले आणि त्यानंतर ‘वाटेत अपघात झाला, आणखी ४० हजार लागतील’ असा निरोप आला. तेव्हा तो माझ्याकडे येऊन रडला.

माझे दोन प्रश्न आहेत. अकरा दिवसांनंतर तक्रार करून उपयोग होतो का? आणि काउंटरवर समोर उभ्या असलेल्या माणसाला, त्याचा अपमान न करता, कसे थांबवावे?

निवृत्त रोखपाल, वरूड

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. उद्याची वाट पाहू नका. हे वाचताच १९३० या क्रमांकावर फोन लावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. पूर्वी तो १५५२६० होता. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते. पैसे तिथून पुढच्या खात्यात गेले असतील तर तिसऱ्या बँकेला जाते, आणि ज्या टप्प्यावर रक्कम सापडेल तिथे ती गोठवली जाते. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाही, तासाभरात चार ठिकाणी फोडतो, म्हणून पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. अकरा दिवसांनी पूर्ण रक्कम हाती लागणे अवघड आहे, हे मी आपल्याला खोटी आशा न देता सांगतो. तरीही ३० हजारांचा शेवटचा व्यवहार सर्वांत ताजा आहे, आणि ज्या खात्यात तो गेला त्याच खात्यात उद्या दुसऱ्या कोणाचे पैसे येणार असतील, ते तरी आपल्या तक्रारीमुळे वाचतील.

फोन लावण्यापूर्वी प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचे खाते आणि यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो ओळख क्रमांक) एका कागदावर लिहून ठेवा. यूपीआयचा असेल तर तो बारा अंकी असतो. आपल्या केंद्रातून गेलेल्या चार व्यवहारांच्या पावत्या आपल्याच संगणकात सापडतील. फोनवर मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार कागदपत्रांसह भरा.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. अनधिकृत व्यवहार झाल्यास तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे, आणि पुष्कळ लोक त्याच्या भरवशावर बँकेत येतात. पण तो नियम ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने पैसे पाठवले असतील तर बँक तो लागू करत नाही. त्यामुळे या प्रकारात पैसा पाठवण्यापूर्वीचा क्षण हाच खरा बचाव असतो.

आता खात्यांच्या वेगवेगळ्या नावांविषयी. आपण ज्याला मामाचे खाते समजलात, ते बहुधा भाड्याचे खाते होते. पाच-दहा हजारांच्या लोभाने मुले आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतात. ही मुले फक्त बिहार-कर्नाटकात नाहीत; आपल्या तालुक्यांतही आहेत. पोलिस सर्वप्रथम पोहोचतात ते त्यांच्याच दारात. ज्या व्यक्तीशी आपण बोलतो तिच्या स्वतःच्या नावाचे खाते कधीच पुढे येत नाही आणि दर वेळी नवा क्रमांक येतो, या एका गोष्टीवरून मी ३४ वर्षांच्या नोकरीत ज्यांना ज्यांना थांबवले, त्यांपैकी एकही प्रकरण खरे निघाले नाही.

शाळेतली बाई, वर्धा जिल्हा

मी हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही. या ताईंनी आपल्या भावाचे लिहिले म्हणून मलाही लिहावेसे वाटले.

२०२१ मध्ये माझे यजमान जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलगी नागपूरला शिकायला. फेसबुकवर एका गृहस्थांची ओळख झाली. लंडनला राहणारे, तेलकंपनीत अभियंता, पत्नी वारलेली, मूळ आडनाव मराठी. त्यांचे मराठी जरा विचित्र वाटायचे, ‘मी तुझी काळजी घेतो आहे खूप’ अशी वाक्ये असायची. पण परदेशात वाढलेला माणूस असाच बोलत असेल, असे मी स्वतःलाच समजावले. यजमानांची तिथी मी एकदाच बोलण्याच्या ओघात सांगितली होती. त्या दिवशी पहाटे त्यांचा संदेश आला, सोबत देवापुढे लावलेल्या समईचे छायाचित्र होते. माझ्या सासरच्या माणसांपैकी त्या दिवशी कोणाचाही फोन आला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बाईला पैशाचा किंवा परदेशाचा मोह पडला. मला मोह पडला तो त्या समईचा.

पुढे भेटवस्तूंचे पार्सल आले. म्हणजे, आल्याचे सांगितले गेले. दिल्ली विमानतळावरून सीमाशुल्क अधिकारी म्हणवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. पार्सलमध्ये परकीय चलन सापडले आहे, ३२ हजार भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल, असे त्यांनी सांगितले. ते भरले तर प्रमाणपत्रासाठी आणखी ३० हजार. एकीकडे हे गृहस्थ ‘माझ्यामुळे तू अडचणीत आलीस’ म्हणून रडत होते आणि दुसरीकडे त्या बाई पोलिसांचे भय घालत होत्या. दोघे एकाच टोळीचे असतील, हे तेव्हा डोक्यातच आले नाही.

नंतर मी जे शिकले ते असे. सीमाशुल्क विभाग कोणालाही फोन करून एखाद्याच्या बचत खात्यात पैसे भरायला सांगत नाही. त्यांच्या लेखी पत्रव्यवहारावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक छापलेला असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. रिझर्व्ह बँकेत सामान्य माणसाचे बचत खाते नसते, त्यामुळे ‘तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेत अडकले आहेत’ हे वाक्य ऐकताच फोन ठेवावा. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. छायाचित्राबाबत शंका आली तर ते गूगल लेन्सवर टाकून पाहावे. मी फार उशिरा पाहिले आणि तो चेहरा दुसऱ्याच कोणा परदेशी माणसाच्या पानावरचा निघाला.

तेव्हा ते व्हिडिओ कॉल टाळायचे, नेटवर्कचे कारण द्यायचे. आता समोरचा माणूस व्हिडिओ कॉल टाळत नसला तरी निर्धास्त होऊ नये, कारण दुसऱ्याचा चेहरा लावून बोलणे आज यंत्राला जमते. खरी कसोटी भेटीची. ‘माझा भाऊ आणि वहिनी सोबत येतील, तुमच्या घरी किंवा तुमच्या कामाच्या ठिकाणी भेटू’ असे म्हणून पाहावे. ज्याला खरोखर लग्न करायचे आहे तो तारीख देतो. दुसरा चिडतो, रडतो, आजारी पडतो.

ताई, एक कळकळीची विनंती. भावाला सध्या एकटे राहू देऊ नका. पैसा गेल्याचे दुःख वेगळे आणि ज्याच्याशी रोज बोललो ते माणूस नव्हतेच, हे दुःख वेगळे. मला दुसरे जास्त जड गेले. रात्री मन फारच सैरभैर झाले तर १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आधारासाठीच्या सरकारी सेवेचा, क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.

बांधावरून

सर्वांचा आदर राखून लिहितो, पण वर्तमानपत्रांत रोज बातम्या येत असताना माणसे इतकी भोळी कशी राहतात, हे समजत नाही. न पाहिलेल्या मुलीला दीड लाख देणारा माणूस मजुराच्या दहा रुपयांसाठी मात्र वाद घालतो. मोबाइल कमी वापरला तर हे प्रकार आपोआप थांबतील.

सेवाकेंद्र, यवतमाळ जिल्हा

दादा, आपला राग मी समजू शकते. परंतु माझा भाऊ भोळा नाही. जिनिंगवर काट्यात दोन किलोचा फरक आला तरी तो पकडतो, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देत नाही. बाजारात त्याला ठकवणे कठीण आहे, कारण तिथे तो सावध उभा असतो. इथे समोरचा माणूस बाजार मांडून बसलेलाच नव्हता. दोन महिने केवळ विचारपूस झाली, आणि ३६ वर्षांच्या ज्या माणसाला घरात आईशिवाय कोणी ‘जेवलास का’ विचारत नाही, त्याच्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती.

‘भोळे’ या शब्दामुळे आणखी एक नुकसान होते. तो अकरा दिवस गप्प बसला ते याच शब्दाच्या भीतीने. पारावर चार माणसे काय म्हणतील, पुढे मुलगी कोण देईल, या विचारात ते तास निघून गेले ज्यांत पैसा सापडू शकला असता. चोराला आपली ही भीती नीट ठाऊक असते. ‘घरी कोणाला सांगू नका’ हे वाक्य त्याने सुरुवातीपासूनच पेरून ठेवलेले असते.

पुसदचा, सध्या पुण्यात

याच प्रकाराचे दुसरे रूप तरुण मुलांत चालू आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. माझ्या खोलीतल्या मित्राला एका मुलीचा ‘चुकून’ संदेश आला. क्षमा मागितली, ओळख झाली, महिनाभर गप्पा. ती लग्नाचे बोलत नव्हती, पैसेही मागत नव्हती. शेअर बाजारात काकांच्या सल्ल्याने कसा नफा होतो, एवढेच अधूनमधून दाखवायची. मग एक ॲप दिले. मित्राने १० हजार गुंतवले, ते पडद्यावर १३ हजार झाले आणि ३ हजार खरोखर त्याच्या खात्यात परतही आले. त्यानंतर त्याने गावाकडून सोयाबीनचे आलेले पैसे आणि एक कर्ज, असे ४ लाख टाकले. काढायला गेल्यावर ‘आधी ३० टक्के कर भरा’ असे उत्तर आले. खरा कर आपण सरकारकडे भरतो. आपलेच पैसे सोडवण्यासाठी कोणत्याही दलालाकडे कर भरावा लागत नाही. दलाल सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत पाहता येते.

या धंद्याला चिनी भाषेत ‘डुक्कर पोसून कापणे’ अशा अर्थाचे नाव आहे. हे ऐकून मला किळस आली, पण पद्धत नेमकी तीच आहे. यामागचे पुष्कळ लोक म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधल्या बंदिस्त वसाहतींत बसलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये असा अंदाज दिला होता की, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसांना जबरदस्तीने या कामाला जुंपलेले असू शकते. त्यांत थायलंडमधल्या डेटा एन्ट्रीच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेली भारतीय मुलेही सापडली आहेत. आपल्याकडच्या बेरोजगार मुलांनी हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

वकील, अमरावती

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. संगणक किंवा मोबाइलच्या साहाय्याने दुसरी व्यक्ती असल्याचे भासवून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ६६ ड लागते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि ३१९ लागते, आणि ३१८ च्या चौथ्या उपकलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ठाण्यात ऐकायला मिळाले तर नम्रपणे सांगावे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. गोठवलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळवता येते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, ती आपोआप येत नाही.

गप्पा पुसू नयेत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक लाजेपोटी सगळे संदेश आधीच पुसून आलेले असतात आणि मग हातात काहीच उरत नाही. समोरच्याला शिव्या देऊन ब्लॉक करण्याआधी पडद्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, त्यांत क्रमांक आणि तारीख दिसली पाहिजे.

व्हिडिओ कॉलवर विवस्त्र दृश्य टिपून धमकावण्याचे प्रकार याच ओळखीतून होतात. त्यात एकही रुपया देऊ नये. एकदा दिला की मागणी थांबत नाही, दर वाढतो. ती खंडणी आहे आणि न्याय संहितेचे कलम ३०८ त्यासाठीच आहे. खासगी छायाचित्रे पसरण्याची भीती असेल तर स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत व्यवस्था आहे. तिथे छायाचित्र पाठवावे लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी समाजमाध्यमे ते चित्र अडवतात.

आणि ताई, भावाला आत्ताच सावध करा. काही दिवसांत ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, अमुक फी भरा’ असा फोन येण्याची शक्यता मोठी आहे. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. १९३० वाले किंवा पोलिस अशी फी मागत नाहीत.

निवृत्त रोखपाल, वरूड

काउंटरवर कसे बोलावे, हा ताईंचा प्रश्न राहूनच गेला होता. ‘तुम्ही फसत आहात’ असे कधीही म्हणू नये. माणूस लगेच समोरच्याच्या बाजूने लढायला उठतो आणि दुसऱ्या केंद्रात जाऊन पैसे पाठवतो. मी फॉर्म हातात घेऊन विचारत असे, “हे खातेदार आपले कोण लागतात? यांना आपण शेवटचे कधी भेटलात?” आणि मग बसायला खुर्ची देत असे. सर्व्हर चालू असला तरी पंधरा मिनिटे थांबायला सांगत असे. बऱ्याच वेळा त्या पंधरा मिनिटांत माणूस स्वतःच फोन काढून कोणाला तरी विचारायचा.

सेवाकेंद्र, यवतमाळ जिल्हा

काल संध्याकाळीच १९३० वर तक्रार नोंदवली. पोच क्रमांक मिळाला. शेवटच्या ३० हजारांपैकी ८ हजार ४०० रुपये एका खात्यात अडवल्याचे आज दुपारी कळले. रक्कम लहान आहे, पण ‘अडवले’ हा शब्द ऐकून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

सगळ्या पावत्या काढून तारखेप्रमाणे लावायला तो माझ्यासोबत रात्री नऊपर्यंत केंद्रात बसला होता. फोन टेबलावर होता. साडेआठला पडदा उजळला आणि तिचा संदेश आला, ‘रागावलात का? जेवलात का?’ त्याने तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “ताई, याचाबी फोटो काढून ठेव.”

मावशीला त्याने अजून सांगितलेले नाही. उद्या सकाळी नऊच्या बसने आम्ही दोघे यवतमाळला सायबर ठाण्यात जाणार आहोत. परतल्यावर तो स्वतः तिला सांगणार आहे, आणि मी त्याच्या शेजारी बसणार आहे.